‘मेलेली जमीन’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या मिरज भागातल्या बहुतेक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. बंद दगडखाणी, जुने कचरा डेपो, मीठ फुटलेली रानं, ही सगळी मेलेली जमीन आहे. तिथं निसर्ग परत येत नाही. भर टाकून प्लॉट पाडा. बाग हवीच असेल तर वर दोन फूट माती ओतून झाडं लावा, एका पावसाळ्यात काम होतं. असा तो मेसेज.

निसर्ग परत येत नाही? सांगली जिल्ह्यात राहून कुणी हे पुढं पाठवावं, याचं वाईट वाटतं. देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर हे एकेकाळी उघडेबोडके डोंगर होते. धों. म. मोहिते आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी ध्यास घेतला, झाडं जगवली, हरणं बाहेरून आणून सोडली. १९८५ साली अभयारण्य जाहीर झालं, १०.८७ चौरस किलोमीटरचं. आता तिथं सांबर, चितळ फिरतात आणि लोक पोराबाळांना घेऊन जातात. ती जमीन झिजलेली होती, विषारी नव्हती, हे खरं. पण गुरुग्रामचं अरवली जैवविविधता उद्यान तर खाणींनी ओरबाडलेल्या जागेवरच उभं आहे.

मीठ फुटलेल्या रानाचं दुखणं वेगळं. उसाला पाटानं भरमसाट पाणी, निचरा नाही, म्हणून जमिनीतलं पाणी वर चढतं. ते उडून जातं आणि क्षार मागं राहतात. मार्चमध्ये अशाच एका रानात गेलो होतो. पांढरा पापुद्रा चपलेखाली करकरत होता. पण कडेच्या चरीत लव्हाळा माजलेला आणि लांब लाल पायांचे चार शेकाटे चिखलात चोच खुपसत होते. मेलेल्या जमिनीत ते काय खायला आले असतील? चर काढा, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करा, काही वर्षांत फरक दिसतो. जिथं पीक परवडत नाही तिथं पाणथळ राखावी.

प्लॉटचा सल्ला मात्र सरळ धोक्याचा आहे. कचऱ्याच्या ढिगात हवा पोचत नाही, तो आतल्या आत कुजतो आणि मिथेन तयार होतो. ढीग वर्षानुवर्षं खचत राहतो, काळं पाणी विहिरीकडं झिरपतं. अशा जागेवर घर बांधलं तर भिंतीला तडे जातात आणि बंद खोलीत गॅस साचू शकतो.

दोन फूट मातीनंही हे झाकत नाही. तोच गॅस मुळांजवळची हवा हुसकतो आणि रोपं माना टाकतात. आधी ढीग उकरून, चाळून माती, प्लास्टिक, दगडविटा वेगळ्या कराव्या लागतात, नाहीतर वर पाणी न झिरपणारा थर देऊन गॅस नळ्यांनी बाहेर काढावा लागतो. न्यूयॉर्कचा फ्रेशकिल्स डेपो सुमारे २,२०० एकरांचा. तो २००१ मध्ये बंद झाला आणि आतल्या भागातला उद्यानाचा पहिला टप्पा लोकांना खुला झाला २०२३ मध्ये! एका पावसाळ्याची भाषा करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

खाणी तर बुजवूच नका. आमच्या बाजूच्या पाणी साठलेल्या खाणीत उन्हाळ्यात पोरं पोहायला जातातच. उतरायला पायऱ्या नाहीत, खोलीचा फलक नाही, काठाला कठडा नाही. तेवढं आधी करा.