‘वकील चुकला, शिक्षा रद्द’ : एका संदेशाचा प्रतिवाद

पुण्यात शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात शिक्षा झालेल्यांचे नातेवाईक हल्ली मोबाईलवरचा एक संदेश दाखवतात. वकिलाने खटला नीट चालवला नसेल तर शिक्षा आपोआप रद्द होते, नव्या वकिलाने तसे प्रतिज्ञापत्र केले की पुरे, आणि जुन्या वकिलाची फी ग्राहक आयोगातून परत मिळते, असे त्यात ठामपणे म्हटले आहे.

पहिल्या विधानाला आधार आहे, पण अर्धाच. सुक दास खटल्यात (१९८६) सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, कारण सरकारी खर्चाने वकील मिळू शकतो हे गरीब आरोपींना कोणी सांगितलेच नव्हते. अनोखीलाल खटल्यात (२०१९) वकील होता, परंतु त्याची नेमणूक आणि आरोपनिश्चिती (न्यायालयाने आरोप ठरवणे) एकाच दिवशी झाल्याने त्याला कागदपत्रे वाचायलाही पुरेसा वेळ मिळाला नव्हता. म्हणून न्यायालयाने फाशीची शिक्षा रद्द केली, मात्र सुटका न करता खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. हा आदेश संदेशात नाही.

दुसरे विधान अधिक घातक आहे. दिल्लीतील टॅक्सीतल्या अत्याचाराच्या खटल्यात नव्या वकिलाने साक्षीदारांना पुन्हा बोलावण्याची मागणी केली, उच्च न्यायालयाने ती मान्यही केली. पण केवळ वकील बदलला म्हणून असे करता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये तो आदेश रद्द केला. (जुन्याचे काम कच्चे वाटणे हे वकिलीत नित्याचेच.) जुन्या वकिलाकडून साक्षीदाराला कोणता प्रश्न विचारायचा राहिला आणि त्याने निकाल बदलला असता का, हे अपिलात दाखवावे लागते, वकिलाच्या चुकांबाबतच्या अमेरिकेतील १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालाची कसोटीही साधारण तीच आहे. त्यामुळे रोजनामा (न्यायालयाच्या रोजच्या कामकाजाची नोंद) आणि जबान्यांच्या प्रमाणित नकला आधी काढाव्यात. मुख्य साक्षीदाराच्या दिवशी रोजनाम्यात ‘आरोपीचे वकील गैरहजर’ अशी नोंद असेल, तर ती एक ओळ दहा पानी प्रतिज्ञापत्राहून वजनदार ठरते.

फीबद्दलचा दावा सरळ चुकीचा आहे: वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मे २०२४ मध्येच लागला आहे. गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिल या वकिलांच्या नियामक संस्थेकडे करता येते, परंतु तिने शिक्षा हलत नाही.

दरम्यान सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात अपील करण्याची ६० दिवसांची मुदत सरत असते. येरवड्यात असलेल्या कैद्याला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो आणि तो अर्ज कारागृहातूनच करता येतो.