कार्ड आलं काय?

आज टीव्हीवर पुन्हा तेच. दोन देशांचे पाहुणे, मागे झेंडे, सौर ऊर्जेच्या करारावर सह्या आणि गिगावॅटचे आकडे. इकडे धुऱ्यापलीकडच्या काकांचा सौर पंप बंद पडून आज 19 वा दिवस. हरभरा घाट्यावर आलाय, या पाण्यावरच दाणा भरतो.

झालं काय, तर अवकाळीत वीज पडली. लाइटनिंग अरेस्टरची, म्हणजे पडलेली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याची, पट्टी अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नेलीच नव्हती, प्लेटांच्या ढाच्याच्या काँक्रीटपाशीच संपली होती. विजेचा झटका अडवणाऱ्या सर्ज प्रोटेक्टरची हिरवी खिडकी लाल झाली, म्हणजे तो गेला, आणि त्याच्यामागे कंट्रोलरचं, म्हणजे पंप चालवणाऱ्या डब्याचं, कार्ड. बाकी सगळं शाबूत आहे. 10 प्लेटा सिरीजमध्ये आहेत, एकेकीचे 45 च्या आसपास व्होल्ट, मीटरवर 440 दिसतात. मोटरच्या तिन्ही वायरींत रेझिस्टन्स सारखा. अडलंय ते त्या कार्डाच्या एका हिरव्या पाटीवर. वॉरंटी 5 वर्षांची, म्हणून सील तोडता येत नाही. सील तोडलं नाही तर तालुक्याचा मिस्त्री हात लावत नाही. काकांचा रोज एकच प्रश्न, "कार्ड आलं काय बाप्पा?"

करार वाईट आहेत असं नाही म्हणत मी. 2015 साली पॅरिसमध्ये भारत आणि फ्रान्सनं मिळून आंतरराष्ट्रीय सौर आघाडी जाहीर केली, तिचं मुख्यालय आपल्याच गुरुग्रामात. 22 देशांची 2 लाख 70 हजारांहून जास्त सौर पंपांची मागणी या आघाडीनं एकत्र केली, भाव पडावा म्हणून. चांगलंच केलं. धुळ्याच्या साक्रीचा 125 मेगावॅटचा प्रकल्प जर्मन बँकेच्या कर्जातून उभा राहिला. आणि चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्याला जाणारी 752 किलोमीटरची डीसी लाइन? परदेशी तंत्र आणि आपली भेल कंपनी, 1999 पासून 500 केव्हीवर 1500 मेगावॅट नेण्याची ताकद. कोळसा आपला, राख आपली, लाइट मुंबईकडे. तिथं मात्र कार्ड गेलं तर 19 दिवस कुणी थांबत असेल?

म्हणूनच राग येतो. सरकारी योजनेत पंप किती एचपीचा मिळणार ते सातबाऱ्यावर ठरतं: अडीच एकरापर्यंत 3, पाच एकरापर्यंत 5, त्यावर साडेसात. पाणी किती खोल आहे ते नंतर. 3 एचपीचा डीसी पंप, 3000 वॅटच्या प्लेटा: 50 मीटर हेडला (पाणी उचलायची उंची) चांगल्या उन्हात कागदावर दिवसाला 69 हजार लिटर, 70 मीटरला 45 हजार. उन्हाळ्यात पाणी खाली जातं आणि प्लेट 65 अंशांवर तापते, तेव्हा पंधरा टक्के ताकद तिथंच जाते. वणीकडं कोळशाची धूळ बसते ती वेगळीच. धुवायच्या तर पहाटे धुवा, तापल्या काचेवर थंड पाणी मारू नका.

हो, रात्री दोनला साप-विंचवात ओलीत करण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. किमतीच्या 10 टक्के भरून पंप मिळतो, तेही मान्य. प्लेटा स्वस्त झाल्या त्या चीनमुळे, हे कबूल करताना तोंड वाकडं होतं, पण खरं आहे.

मग करारातच लिहून घ्या ना! कंट्रोलरचा सर्किट नकाशा द्या. तालुक्याला पाच-दहा कार्डं ठेवा. आयटीआयच्या पोरांना कार्ड दुरुस्त करायला शिकवा. एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्याच्या डीसी मोटरला चालत नाही, सेटिंगला पासवर्ड. हे कुलूप आधी काढा, मग झेंडे लावा.

जाऊ द्या. काकांवर चिडून उपयोग नाही, त्यांनी तर तक्रारीचे चारही नंबर वहीत नीट लिहून ठेवलेत.

कुणाकडे 3 एचपीचा जुना डीसी कंट्रोलर पडून असेल तर सांगा, मॉडेल नंबर इनबॉक्समध्ये देतो. आणि ज्यांच्या वावरात प्लेटा आहेत त्यांनी आजच बघून या, अरेस्टरची पट्टी खाली कुठवर गेली आहे. तिचा खड्डा वेगळा हवा, ढाच्याचा वेगळा, कंट्रोलरचा वेगळा. मीठ-कोळसा घातलेला, आणि उन्हाळ्यात पाणी टाकत राहा. डब्याला हात लावण्याआधी आयसोलेटर, म्हणजे प्लेटांकडून येणारी वीज तोडणारा खटका, बंद करा, चालू लोडवर प्लेटांचा जोड ओढू नका. डीसीची ठिणगी सहजी विझत नाही.