झुकते माप

आमच्या घरी मापापेक्षा हाताला मान होता. आजी मीठ चिमटीने, तांदूळ मुठीने आणि तेल नुसत्या नजरेने मोजत असे. भाजीवाल्याने पारडे आमच्या बाजूला झुकवून वर चार मिरच्या टाकल्या नाहीत, तर तो माणूस आमच्या लेखी अप्रामाणिक ठरे. अशा संस्कारांत वाढलेल्या मला अकरावीच्या पहिल्याच रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात ऑक्झॅलिक आम्लाचे ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचे माप) द्रावण १०० मिलिलिटर करायला सांगण्यात आले. त्यासाठी स्फटिक हवे होते ०.६३ ग्रॅम, म्हणजे सोनाराच्या हिशेबाने पाच गुंजांहून किंचित अधिक.

तराजू काचेच्या पेटीत बसवलेला होता आणि त्याला वारा सोसत नसल्यामुळे खोलीतला पंखा बंद होता. घाम वजनाला लागला तर वजनाचेच वजन वाढते, म्हणून वजने चिमट्याने उचलायची. मला मात्र घाम त्या चिमट्यामुळेच फुटला होता. ५००, १०० आणि २० मिलिग्रॅमच्या चकत्या कशाबशा पारड्यात पोहोचल्या, पण १० मिलिग्रॅमची चकती म्हणजे मिठाईवरच्या वर्खाची चुलतबहीण. ती शोधण्यात माझी दहा मिनिटे गेली. पुढे स्फटिक टाकताना काटा मधोमध येण्याच्या बेतात असताना माझ्या हाताने, घरच्या वळणाप्रमाणे, आणखी दोन कण वर घातले. तेही तराजू बंद न करता, म्हणजे दांडी जिच्यावर तोललेली असते त्या अकीकाच्या धारेवर अत्याचार करून.

"अरे, हे काय भाजीचे दुकान आहे?" सरांनी मागून विचारले.

द्रावणाला पाणी घालताना तर सुधारण्याची सोयच नव्हती. घरी रस्सा पातळ झाला तर आटवता येतो; येथे फ्लास्कच्या मानेवरच्या रेषेपुढे पाणी गेले की सारे ओतून पुन्हा तराजूपाशी जायचे, कारण जादा पाणी काढू म्हटले तर त्याबरोबर आम्लही निघते. मी दोनदा गेलो. पिपेटच्या, म्हणजे द्रव मोजून घेण्याच्या नळीच्या, टोकाशी उरलेला थेंब फुंकायचा नसतो, कारण तो मागे राहणार हे धरूनच तिच्यावर खूण केलेली असते. परंतु बशीतल्या चहावर फुंकर घालून मोठे झालेल्या माणसाला तो थेंब तसाच सोडून देणे किती जड जाते, हे पिपेट बनवणाऱ्याच्या ध्यानात आले नसावे.

मग अनुमापन, म्हणजे आम्ल संपवायला अल्कली किती मिलिलिटर लागते ते मोजणे. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या मापनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हे अल्कली, खाली शंकुपात्रात १० मिलिलिटर आम्ल आणि आम्ल संपताच गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. द्रावणाचा पृष्ठभाग खोलगट असतो, त्याचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा. माझ्या उंचीला त्यासाठी स्टुलावर चढावे लागले. पहिले वाचन १०.४ आले, कारण ब्युरेटच्या तोटीत अडकलेला हवेचा बुडबुडा मध्येच निसटला आणि त्याची रिकामी झालेली जागा भरणारे द्रावणही माझ्या खात्यावर जमा झाले. दुसऱ्या वेळी बुडबुडा काढला, पण वरचे नरसाळे काढायचे राहिले. त्यातून गुपचूप ठिबकणाऱ्या थेंबांनी पातळी वर ठेवली आणि वाचन ९.६ भरले. तिसऱ्या वेळी मी दोन्ही चुका एकदम केल्या. बुडबुड्याने वाढवलेले नरसाळ्याने नेमके फेडले आणि गुलाबी छटा बरोबर १०.० वर उमटली.

सरांनी जर्नल पाहिले, स्वतःच्या वहीतल्या आकड्याशी ताडले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे अगदी अचूक आहे. पण लागोपाठची दोन वाचने सारखी आली पाहिजेत. आता याच पद्धतीने, काहीही न बदलता, आणखी एकदा कर."

मी "हो सर" म्हणालो, नरसाळे पुन्हा ब्युरेटवर चढवले आणि त्याच आकाराचा बुडबुडा तोटीत कसा बसवावा याच्या विवंचनेत तास संपेपर्यंत उभा राहिलो.