मेंदू पंचविशीत ‘पूर्ण’ होतो म्हणे

माझ्या भाच्याने मध्यंतरी घरात जाहीर केलं, की हातातला अभ्यासक्रम सोडून तो वेगळ्याच विषयाला प्रवेश घेणार आहे. वय बावीस. तासाभरात कौटुंबिक ग्रुपवर त्याच्या काकांचा फॉरवर्ड येऊन पडला. हा मजकूर मी याआधीही चार ठिकाणी वाचला होता, थोड्याफार फरकाने. सार असं :

माणसाचा मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण तयार होतो. निर्णय घेणारा पुढचा भाग तोवर कामच करत नाही. म्हणून तरुण मुलं निव्वळ भावनेच्या भरात वागतात, परिणामांचा विचार त्यांना जमत नाही. मेंदूच्या स्कॅनमध्ये हे स्वच्छ दिसतं. फिनिअस गेज या रेल्वे मुकादमाच्या मेंदूचा पुढचा भाग अपघातात गेला आणि सज्जन माणसाचा जनावर झाला. तेव्हा पंचविशीच्या आतल्या निर्णयांना अर्थ नाही, आणि पंचविशीनंतर माणूस बदलत नाही.

हे सरसकट खोटं असतं तर सोपं होतं. यामागे खरं संशोधन आहे, चांगल्या माणसांनी कष्टाने केलेलं. फक्त ते जे सांगतं ते हे नव्हे.

‘२५ व्या वर्षी पूर्ण तयार होतो’

सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या ९० टक्क्यांच्या पुढे गेलेला असतो. त्यामुळे मोठं बांधकाम बालपणीच संपतं, अशी समजूत बराच काळ होती. तिला धक्का दिला तो १९९९ मध्ये अमेरिकेतले संशोधक जे गीड आणि सहकाऱ्यांनी. त्यांनी १४५ मुलामुलींचे एमआरआय घेतले, त्यातल्या अनेकांचे काही वर्षांच्या अंतराने पुन्हा घेतले. कपाळामागच्या भागातलं करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींनी भरलेला भाग, वयात येण्याच्या सुमारास सर्वांत जास्त भरलं आणि मग कमी होत गेलं. पुढे २००४ मध्ये नितीन गोगटे आणि सहकाऱ्यांनी १३ मुलांचा दर दोन वर्षांनी माग काढून या बदलाचा क्रम दाखवला : हालचाल आणि संवेदना सांभाळणारे भाग आधी स्थिरावतात, नियोजन आणि आवर घालणारे भाग सर्वांत शेवटी.

इथपर्यंत फॉरवर्डचं बरोबर आहे. पण गोगट्यांच्या अभ्यासातली मुलं ४ ते २१ वर्षांची होती. एकविसाव्या वर्षी मोजणी थांबली, आलेख थांबला नव्हता. मग पंचवीस आलं कुठून? ‘विशीच्या मध्यापर्यंत बदल चालू असतो’ असं शास्त्रज्ञ म्हणत होते. त्यातलं ‘पर्यंत’ आणि ‘चालू’ गळून पडलं आणि गोल आकडा उरला. चोवीस वर्षं अकरा महिने एका बाजूला आणि पंचवीस दुसऱ्या, अशी सीमारेषा कुठल्याही स्कॅनमध्ये आढळलेली नाही.

२०२२ मध्ये एका लाखाहून अधिक माणसांच्या सव्वा लाखाच्या आसपास स्कॅनवरून मेंदूच्या वाढीचे तक्ते प्रसिद्ध झाले. बाळांच्या वजन-उंचीचे असतात ना, तसे. आणि गर्भावस्थेपासून शंभर वर्षांपर्यंतचे. त्यात मेंदूच्या बाह्य थराची जाडी सर्वाधिक होते ती पावणेदोन वर्षांच्या आसपास. त्या थरातल्या करड्या द्रव्याचं एकूण प्रमाण सहाव्या वर्षाच्या सुमारास. खोलवरच्या गाभ्यातलं करडं द्रव्य चौदा-साडेचौदाला. आणि निरनिराळ्या भागांना जोडणारं पांढरं द्रव्य थेट २९ च्या उंबरठ्यावर. शिखर नेमकं पंचविशीत गाठणारं यात एकही नाही.

त्यात शिखर म्हणजे परिपक्वता असंही नाही. करड्या द्रव्याचं प्रमाण हेच शहाणपण धरलं, तर जगाचा कारभार पहिलीतल्या मुलांकडे द्यावा लागेल. घट ही इथे कामाची गोष्ट आहे : लहानपणी चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात आणि वापराप्रमाणे त्यांची छाटणी होते. ही छाटणी मेंदूच्या पुढच्या भागात विशीच्या अखेरीपर्यंत चालू असल्याचं २०११ मध्ये मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंमध्ये दिसलं. मग पंचवीसच का, तीस का नाही? काकांना हा प्रश्न विचारला असता तर बहुधा त्यांनी तीसही आनंदाने मान्य केलं असतं.

‘पुढचा भाग तोवर कामच करत नाही’

हे मात्र साफ चूक. बाळाच्या डोळ्यांदेखत खेळणं एकाच फडक्याखाली दोन-तीनदा लपवा आणि मग शेजारच्या दुसऱ्या फडक्याखाली ठेवा. आठ महिन्यांचं बाळ, थोडा वेळ जाऊ दिला की, पहिल्याच फडक्याकडे हात नेतं. वर्षाच्या बाळाला तेवढ्या वेळात ही चूक सहसा होत नाही. आधीची सवय दाबून नवी माहिती डोक्यात धरून ठेवणं त्याला जमू लागलेलं असतं. ॲडेल डायमंड आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनी १९८९ मध्ये दाखवलं, की मेंदूच्या याच पुढच्या भागाला इजा झालेली मोठी माकडं लहान बाळांसारखीच चूक करतात. म्हणजे दुकान पहिल्या वर्षातच उघडलेलं असतं. गर्दी आवरायला शिकायला वेळ लागतो, ते वेगळं.

तोही किती? २०२३ मध्ये ८ ते ३५ वयाच्या दहा हजारांहून अधिक माणसांच्या चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या : लक्ष टिकवणं, आवर घालणं, योजना आखणं वगैरे. दहा ते पंधरा या वयात झपाट्याने प्रगती होते, मग वेग मंदावतो आणि १८ ते २० मध्ये रेषा सपाट होते. मेंदूची रचना पुढेही बदलत राहते, पण ही कामं करण्याची ताकद तोवर आलेली असते. रचना आणि वागणूक एकमेकींचा हात धरून चालतात खऱ्या, पण एका पावलाने नाही.

‘भावनेच्या भरात वागतात, परिणामांचा विचार जमत नाही’

फॉरवर्डमधला हा सर्वांत वजनदार मुद्दा. पौगंडावस्थेत अपघात, मारामाऱ्या, नशा वाढतात, हे नाकारण्यात हशील नाही. प्रश्न आहे तो ‘जमत नाही’ या शब्दांचा.

मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये ३०६ जणांना संगणकावर गाडी चालवायला दिली. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं पुढे जाऊन गुण मिळवायचे, हे आपण ठरवायचं; फार पुढे गेलात तर भिंतीवर आदळणार. खेळणाऱ्यांचे तीन गट होते : १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. काही जण एकटे खेळले, काहींच्या सोबत दोन मित्र बसवले. एकटे असताना या खेळात तिन्ही गट जवळपास सारखेच सावध होते. मित्र आले आणि लहान मुलांनी धोका पत्करण्याचं प्रमाण दुपटीच्या घरात गेलं. मधल्या गटाचंही वाढलं, पण कमी. मोठ्यांना मित्रांचा फरक पडला नाही.

मेंदू तोच, वय तेच. बदललं फक्त मागे कोण बसलंय ते. परिणामांचा विचार करणारा भाग तयारच नसता, तर एकट्यानेही गाडी आदळायला हवी होती. (माझ्या भाच्याचा गट मधला आहे आणि तो निर्दोष सुटत नाही, हेही नोंदवते. मावशी असले तरी.)

या फरकावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकदा चांगलीच जुंपली होती. गुन्ह्याच्या वेळी १८ पेक्षा लहान असलेल्यांना फाशी देता येणार नाही, असा निकाल २००५ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी लागला. मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने न्यायालयाला सांगितलं होतं, की या वयात सारासार विचार पिकलेला नसतो. विरोधी मत देणारे न्यायमूर्ती स्कालिया यांनी बोट ठेवलं ते असं : गर्भपाताबद्दलच्या आधीच्या एका खटल्यात याच संघटनेने किशोरवयीन मुली असा निर्णय समजून-उमजून घेऊ शकतात, असं सांगितलं होतं. मग खरं काय?

दोन्ही खरं, असं उत्तर स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दिलं. डॉक्टरांशी बोलून, दिवस घालवून घेतलेला निर्णय वेगळा आणि रात्री मित्रांच्या घोळक्यात क्षणात घेतलेला वेगळा. पुढे ११ देशांतल्या १० ते ३० वयाच्या पाच हजारांहून अधिक माणसांवर हे तपासलं गेलं आणि २०१९ मध्ये निष्कर्ष आले. शांतपणे विचार करण्याची क्षमता सोळाच्या आसपास प्रौढांइतकी होते. मोह आवरणं, दबावाखाली टिकणं याला अठराच्या पुढेही वेळ लागतो.

आता काकांचा हिशेब तपासू. भाच्याने अभ्यासक्रमाचा विचार सात महिने केला, दोन शिक्षकांशी बोलला, खर्चाचा तक्ता मांडला. हा पिवळ्या सिग्नलवरचा निर्णय नव्हे. त्याचा निर्णय चुकूही शकतो, पण ती चूक पन्नाशीतला माणूस करतो त्याच जातीची असेल. आणि निर्णयाला ‘अर्थ’ कोणत्या वयापासून द्यायचा, हे स्कॅन ठरवतच नाही. वरच्या निकालात बहुमताने स्पष्ट लिहिलं आहे, की लहान-मोठ्यांतला फरक अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी नाहीसा होत नाही, पण रेषा कुठेतरी ओढावी लागते. ती समाज ओढतो आणि कशासाठी ओढायची आहे ते पाहून ओढतो.

‘स्कॅनमध्ये स्वच्छ दिसतं’

रंगीत चित्राचा दरारा मोठा असतो, म्हणून इथे जरा थांबते. एमआरआयच्या अशा चित्रातला सर्वांत लहान ठिपका सहसा एक घन मिलिमीटरच्या आसपास असतो. तेवढ्याशा तुकड्यात असतं काय? हार्वर्ड आणि गूगलच्या संशोधकांनी माणसाच्या मेंदूचा साधारण तेवढाच तुकडा पातळ काप करून पूर्ण रेखाटला. ते काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे ५७,००० पेशी आणि १५ कोटी जोडण्या निघाल्या. स्कॅनमध्ये त्या सगळ्यांचा मिळून एक करडा ठिपका. छाटणी त्यात दिसत नाही, तिचा अंदाज बांधला जातो. चेतातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं आवरण चढलं तरी चित्रात बाह्य थर पातळ झाल्यासारखा भासतो. म्हणजे ‘कमी झालं’ असं दिसतं तिथे काही वेळा प्रत्यक्षात काहीतरी वाढलेलं असतं.

आणि वागणुकीशी मेळ? २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० माणसांची माहिती घेऊन विचारलं, की मेंदूच्या रचनेतल्या आणि कार्यातल्या फरकांवरून माणसामाणसांतला वागण्याचा, बुद्धीचा, स्वभावाचा फरक किती कळतो. पुन्हा तपासल्यावरही टिकलेला सर्वांत भक्कम सहसंबंध ०.१६ होता (० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण). सोप्या भाषेत, माणसामाणसांतल्या फरकाचा शंभरातला अडीच हिस्सा. बाकीचे याहून कितीतरी क्षीण. असे संबंध खात्रीने शोधायला हजारो माणसं लागतात, आणि या क्षेत्रातल्या नेहमीच्या अभ्यासात असतात साधारण २५. (पंचवीस पुन्हा भेटलं. योगायोग.)

हजारोंची सरासरी काढली की वयाचा आलेख सुरेख वळण घेतो. पण समोर एकच स्कॅन ठेवून ‘हा मुलगा बेजबाबदार आहे’ असं कुणी सांगत असेल, तर तो ज्योतिषच सांगतोय, फक्त कुंडली महाग आहे.

‘पंचविशीनंतर माणूस बदलत नाही’

लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा तर हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, त्यात तीन-चार वर्षं जातात. एलिनॉर मॅग्वायर आणि कॅथरिन वूलेट यांनी ७९ प्रौढ उमेदवारांचे मेंदू आधी पाहिले आणि त्यातल्या ५९ जणांचे नंतर पुन्हा. उत्तीर्ण झालेल्या ३९ जणांत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग वाढला होता. अनुत्तीर्णांत नाही. म्हणजे प्रौढ मेंदूही बदलतो. मुद्दा इथेच संपतो.

‘गेजचा जनावर झाला’

१३ सप्टेंबर १८४८. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये रेल्वेमार्गासाठी खडक फोडताना सुरुंग अवेळी उडाला आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलोची लोखंडी पहार मुकादम फिनिअस गेजच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडली. डावा पुढचा भाग उद्ध्वस्त झाला. गेज वाचला, पण शिवराळ, लहरी, कशावर न टिकणारा झाला. तो आता गेज राहिलेला नाही, असं त्याचे मित्र म्हणत, हे डॉक्टर जॉन हार्लो यांनी लिहून ठेवलंय. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. अपघाताच्या वेळी त्याचं वय होतं २५. फॉरवर्डच्या हिशेबाने मेंदू नुकताच तयार झालेला.

पुढचं असं. १८५२ मध्ये गेज चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकत राहिला. सहा घोडे, भरलेली गाडी. अशा गाडीला लगामांच्या जोड्या वेगवेगळ्या आवराव्या लागतात, वळणाआधी वेग जोखावा लागतो, घोड्यांची निगा राखावी लागते. फेफऱ्याचे झटके सुरू होऊन १८६० मध्ये तो वारला. अभ्यासक माल्कम मॅकमिलन यांचं म्हणणं असं, की रोजच्या नेमस्त कामाने गेज बराच सावरला होता. चिलीची ही हकिगत कुठल्या गुप्त कागदात दडलेली नाही. ती हार्लोंच्या १८६८ च्या त्याच लेखात आहे, ज्यातून ‘तो गेज राहिला नाही’ हे वाक्य उचललं जातं.