बारवीचे दरवाजे रात्री कोण उघडतं? त्या फॉरवर्डला उत्तर

पावसाने जोर धरला की सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतोच. म्हणे बदलापूरजवळचं बारवी धरण मुद्दाम काठोकाठ भरून ठेवतात, मग रात्री अधिकारी गुपचूप दरवाजे उघडतात म्हणून बदलापूर-कल्याण बुडतं, नवी मुंबईत साचतं ते मोरबे धरणाचं पाणी, आणि जुलैभर धरणं अर्धी रिकामी ठेवली तर पूर येणारच नाही. नदीकाठची म्हातारी माणसं हे वाचून रात्र रात्र जागतात, म्हणून लिहितोय.

आधी दरवाजे. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पातळी ७२.६० मीटरला गेली की आपोआप उघडतात, बटण दाबायला कोणी बसलेलं नसतं. रात्री उघडले म्हणजे पाणी त्या पातळीला रात्री पोचलं, बस.

बदलापूरचं म्हणाल तर नकाशा उघडा. उल्हास नदी येते राजमाचीकडून, मग कर्जत, नेरळ, वांगणी आणि त्यानंतर बदलापूर, आणि बारवी नदी तिला मिळते ती शहर ओलांडल्यावर, खालच्या अंगाला. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली, हजारभर प्रवासी बाहेर काढावे लागले, ते पाणी बारवीचं असूच शकत नाही, घाटातला पाऊस होता तो. हां, कल्याणच्या बाजूला बारवीच्या पाण्याची भर पडते हे खरं, आणि त्यात खाडीला भरती असली की पाणी उतरायला वेळ लागतो.

मोरबे तर धावरी नदीवर, खालापूर तालुक्यात. धावरी जाते पाताळगंगेला. नेरूळ-बेलापूरला ते पाणी येतं फक्त पाइपातून, नळाला.

आता अर्धं रिकामं ठेवायचं, हे ऐकायला एकदम पटतं म्हणून जरा हिशोब करू. बारवीत मावतं साधारण १२ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी). एक टीएमसी एका दिवसात सोडायचं तर २४ तास सलग साडेअकरा हजार क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफुटांच्या, वर विसर्ग लागतो. म्हणजे भरलेलं धरण मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी अर्धं करायचं तर जवळपास ७० हजार क्युसेक, पूर तर तुम्हीच आणलात की! आणि आधीपासूनच अर्धं ठेवलं आणि ऑगस्टमध्ये पावसाने दडी मारली तर मग अंबरनाथ, डोंबिवली, उल्हासनगरला पुढच्या जूनपर्यंत काय पाजणार? शिवाय धरण भरत नाही तोवर वरून येणारा लोंढा तेच पोटात घेतं, हे मेसेजवाले सांगतच नाहीत.

थोडी जागा राखणं मात्र बरोबर आहे. माणसांनी चालवायचे दरवाजे असतील तिथे कुठल्या महिन्यात किती पातळी ठेवायची ते ठरवून, अंदाज बघून थोडं थोडं आधीच सोडतात. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणाचे दरवाजे तसे आहेत, त्यामुळे जाब विचारायचाच तर तिथे विचारा, की विसर्ग सुरू व्हायच्या किती तास आधी सापगावला आणि काठच्या बाकी गावांना कळवलं, भोंगा वाजला का, आणि पाडे-वस्त्यांवर, जिथे मोबाईलला रेंज नसते, तिथे कोण गेलं.

आणि निळी पूररेषा बघा, २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बिल्डिंगा उभ्या राहिल्या आहेत का, त्यांना परवानगी कोणी दिली, हे नगरपालिकेत लेखी अर्ज देऊन विचारता येतं. मेसेज पाठवायचाच असेल तर त्या अर्जाचा फोटो पाठवा.