दुःखाची पुस्तकं आणि केळकरांचा तबला

शनिवारच्या कार्यक्रमात मागच्या रांगेतल्या बाईंनी ‘लोक हालाखीच्या बालपणाची पुस्तकं एवढी आवडीने का वाचतात?’ असा प्रश्न विचारला नसता, तर रविवारची सकाळ शांततेत गेली असती. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बूड टेकायच्या आत केळकर सुरू झाले, ‘‘मुळात ही विरेचनाची, म्हणजे मनात साचलेलं बाहेर काढण्याची प्रक्रिया आहे...’’

‘‘एरंडेल घ्या,’’ शिंदे म्हणाला.

(केळकरांचं ‘मुळात’ ऐकलं की चहावाला पोऱ्याही वाट बदलतो.)

नीताचं सरळ होतं. ‘‘मी अशी पुस्तकं लोकलमध्ये वाचते नि रडते. घरी रडायला बसावं तर नेमकी पाणी यायची वेळ होते. हातात पुस्तक दिसलं की बायकाही काही विचारत नाहीत.’’

‘‘पण पोरगं जगलंय हे तुला आधीच ठाऊक असतं ना?’’ शिंदेने पकडलं. ‘‘लिहिलं म्हणजे सुटलं. जी सुटली नाहीत त्यांची पुस्तकं कुठे आहेत? आपल्याला दुःख हवं, पण सुखरूप पोचल्याची पावती बघून.’’

केळकर तडक आयर्लंडला गेले. फ्रँक मकोर्टच्या गरिबीतल्या बालपणावरच्या ‘अँजेलाज अ‍ॅशेस’ला १९९७ साली पुलित्झर मिळालं, पण त्याच्या लिमरिकमधलेच कितीतरी लोक भडकले, आमचं गाव एवढं वाईट नव्हतंच म्हणून. ‘‘म्हणजे सत्याचा प्रश्न...’’

‘‘आमच्याकडे उलटं झालं,’’ शिंदे म्हणाला. बाप गिरणीत, घर म्हणजे बीडीडी चाळीतली एक खोली. कॉलेजात असताना त्याने आईला दया पवारांचं आत्मकथन ‘बलुतं’ वाचून दाखवलं. ‘‘अरेरे-बिरेरे काही नाही. पवारांच्या लहानपणीच्या वस्तीचं, कावाखान्याचं आलं तर मेथी निवडता निवडता म्हणते, हे बरोबर, हेही बरोबर, आणि हे सोडलंच की रे याने! तुमच्याकडे तेच पुस्तक काचेच्या कपाटात. आल्यागेल्याला दिसेल असं.’’

मला विचाराल तर विषय इथेच संपला होता.

‘‘ते कपाटातलं पुस्तक तूच नेलंस,’’ केळकर उसळले. ‘‘अजून आलेलं नाही!’’

‘‘मग आईला काय वर्तमानपत्र वाचून दाखवलं?’’

केळकर गप्प झाले. मग एकदम हळव्या आवाजात, ‘‘बालपण आमचंही सुखाचं नव्हतं. बाबांनी जबरदस्तीने तबल्याला घातलं. पोरं इथे मैदानात क्रिकेट खेळायची आणि मी त्या समोरच्या खिडकीत तीनताल.’’

‘‘लिहाच. नाव ठेवा ‘धा धिं धिं हाय’.’’

नीताला असा ठसका लागला की चहा नाकातून आला. केळकर मात्र गंभीर. ‘‘प्रकाशक चांगला बघायला हवा,’’ म्हणाले.