पापाच्या वहीत शेजारचा मुलगा नाही

फोंड्याहून वहिनीचा फोन आला तेव्हा इथे ॲमस्टरडॅममध्ये संध्याकाळ होती. सहावीतल्या पुतण्याने चाचणीत शेजारच्या मुलाची उत्तरं उतरवली आणि पकडला गेला. मूल्यशिक्षणाच्या तासाला सगळ्या वर्गासमोर त्याला ऐकवलं गेलं, "हे पाप आहे, देव सगळं लिहून ठेवतो." तीन रात्री पोरगा धड झोपलेला नाही. भाऊ म्हणतो, भीती हवीच, नाहीतर मुलं हाताबाहेर जातात.

मला हे पटत नाही, आणि परदेशाचं वारं लागलं म्हणून नव्हे.

इथे सतराव्या शतकातला तत्त्वज्ञ स्पिनोझा याचा पुतळा आहे. त्याच्या झग्यावर चिमण्या आणि पोपट कोरलेत. त्याचं ज्यू घराणं पोर्तुगालमधल्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायासनाच्या, जाचातून निसटून आलेलं. तेच न्यायासन १५६० मध्ये गोव्यात बसलं. त्याच सुमारास आपला देव मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला हलवला गेला. पाप ठरवण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती गेला की काय होतं, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. स्पिनोझाला तर १६५६ मध्ये, तेविसाव्या वर्षी, त्याच्या स्वतःच्या समाजानेच वाळीत टाकलं. राजासारखा बसून बक्षीस आणि शिक्षा वाटणारा देव त्याने नाकारला. पश्चात्तापालाही तो सद्गुण मानत नाही: माणूस आधी चुकतो, मग त्या दुःखाने खचून आणखी दुबळा होतो.

हा विचार परका म्हणून झटकावा, तर आपल्या गोव्यातल्या सांकवाळचे बौद्ध पंडित धर्मानंद कोसंबी आठवतात. १८९९ मध्ये घर सोडून ते बुद्धाच्या शोधात निघाले. जग घडवणाऱ्या ईश्वराचा आधार न घेता बुद्धाने नीती उभी केली, कर्माचं मूळ हेतूत पाहिलं. आणि आपल्या देवळात आपण गाऱ्हाणं घालतो, कौल मागतो, म्हणजे देवाला विचारतोच की! ज्याला विचारता येतं त्याच्या नावाने मुलाचं तोंड का बंद करायचं?

माझी मुलगी जाते ती शाळा कॅथलिक आहे. १९१७ पासून इथलं सरकार धार्मिक शाळांनाही सरकारी शाळांइतकाच पैसा देतं, त्यामुळे देव इथे वर्गाबाहेर आहे असं नाही. गेल्या वर्षी तिने मैत्रिणीचं चित्र फाडलं. बाईंनी दोघींना समोरासमोर बसवलं, मैत्रिणीला बोलू दिलं, आणि मग मुलीच्या हातात चिकटपट्टी दिली. चित्र जोडायला तिला अर्धा तास लागला. घरी येऊन ती त्या मैत्रिणीबद्दलच बोलत होती. तिला गाऱ्हाणं माहीत नाही, पालखीपुढे हात जोडणारी आजी रोज दिसत नाही, ही खंत मला आहेच.

पुतण्याशी बोललो. त्याने एकच विचारलं, "काका, देव ते पुसतो काय?" मी विचारलं, ज्याचं बघून लिहिलंस त्याचं काय झालं? त्यालाही शून्य मिळालं होतं. त्याच्याबद्दल घरात, वर्गात कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"त्याच्याशी बोललास?"

"ना."

सोमवारी शाळा आहे. दोघांचा बाक अजून एकच आहे.